कीबोर्डशांत

यांत्रिक कीबोर्ड म्हणजे ज्याच्या प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो असा कीबोर्ड. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराचा एकच पडदा अंथरलेला असतो. यांत्रिक कीबोर्डात दर बटणाला स्वतःची स्प्रिंग, स्वतःचा दांडा, स्वतःचे प्लास्टिकचे घर आणि स्वतःचा आवाज असतो. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर अशी १०४ बटणे असतात. उजवीकडचा आकड्यांचा पट्टा गाळलेल्या आखूड कीबोर्डवर ८७. हा कीबोर्ड लोक प्रामुख्याने त्याच्या आवाजासाठी विकत घेतात. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात जो उद्योग सुरू होतो, तो म्हणजे हा आवाज बंद करणे. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे कीबोर्डधारकाला (यापुढे नुसते ‘धारक’) वाटत नाही. घरातल्या इतरांना वाटते. पण पार्सल मागवण्याआधी त्यांचे मत कोणी विचारलेले नसते.

स्विचचे मुख्य प्रकार तीन. १९८०च्या दशकात जर्मनीच्या चेरी कंपनीने एमएक्स मालिकेचे स्विच बाजारात आणले आणि त्यांच्या दांड्यांचे रंग हीच पुढे साऱ्या जगाची परिभाषा झाली. लाल स्विच मुकाट्याने सरळ खाली जातो. तपकिरी स्विच वाटेत किंचित अडखळतो. निळा स्विच अडखळतो आणि तसे जाहीरही करतो. त्याचा दांडा दोन तुकड्यांचा असून ठरावीक खोलीवर एक तुकडा निसटून आदळतो व ‘टिक’ असा स्वच्छ आवाज येतो. संगणकाला या आवाजाचा काहीही उपयोग नसतो. त्याला निरोप विजेने मिळालेला असतो. दुकानात तिन्ही नमुने दाबून पाहिल्यावर बहुसंख्य धारक निळा निवडतात, कारण दुकानात बाहेरच्या रहदारीचा गोंगाट असतो आणि पलीकडच्या खोलीत कोणी झोपलेले नसते.

लिहिताना आवाज व्हावा की होऊ नये, याबाबत माणसाचे धोरण पूर्वीपासून डळमळीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘नॉइजलेस’ नावाचा टाइपरायटर निघाला. त्यात अक्षराचा खिळा कागदावर आपटण्याऐवजी दाबला जाई. १९२४मध्ये ही कंपनी रेमिंग्टनमध्ये विलीन झाली. यंत्र पूर्ण मुके नव्हते. नाव मात्र पूर्ण मुके होते. ज्यांना ते परवडत नसे ते नेहमीच्या यंत्राखाली फेल्टचा जाड तुकडा घालत. भारतात गोदरेजने १९५५मध्ये टाइपरायटर काढला आणि महाराष्ट्रात गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटांत मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ही यंत्रे बडवण्यात आली. त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या बोटांना बटण दाबणे आणि बटण मारणे यांतला फरक आजही मान्य नाही.

पुढे संगणक आले. टाइपरायटरला सरावलेल्या मंडळींना शांत बटणे अळणी लागू नयेत म्हणून १९७०च्या दशकात आयबीएमच्या काही टर्मिनल कीबोर्डांत मुद्दाम एक छोटे सोलेनॉइड बसवलेले असे. बटण दाबले की ते आतून ठोका देई. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डात सोलेनॉइडची गरज उरली नाही, कारण त्यातली स्प्रिंगच वाकून नळीच्या भिंतीवर आपटत असे. आज रबरी फोमचे चौकोन कापत बसलेला धारक हा त्याच परंपरेतला पाईक आहे. आधीच्या पिढीने पगारी अभियंते नेमून जो आवाज आत घातला, तो हा रविवारची सुट्टी खर्चून बाहेर काढतो.

आवाजाचे निदान धारकाला स्वतः करता येत नाही, कारण स्वतःचा आवाज हा आवाज नसतोच. निदान घरातले करतात. रात्री अकराला धारकाची आई झोपेतून उठून गच्चीच्या किल्ल्या शोधू लागते.

“अरे, पाऊस आला ना! वर कुरडया आहेत वाळत घातलेल्या.”

“पाऊस नाही आई, मी मेल लिहितोय.”

“एवढा मोठा?”

ऑनलाइन बैठकीत निदानाचा सूर वेगळा असतो. धारक मायक्रोफोन बंद करायला विसरून मित्राशी क्रिकेटबद्दल गप्पा मारत असतो. साहेब म्हणतात, “तुमच्याकडून मघापासून टायपिंग ऐकू येतंय. सगळे मुद्दे टिपून घेताय हे फार छान. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पाठवा.” खालच्या मजल्यावरचे काका एके दिवशी वर येऊन विचारतात, “तुमच्याकडे रात्रीचं काही फर्निचरचं काम चालू आहे का?” मग ते सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जातात. सेक्रेटरी ध्वनिप्रदूषण नियम, २००० काढून दाखवतात. त्यात निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लाउडस्पीकर आहे, फटाके आहेत, हॉर्न आहे. “कीबोर्ड कुठल्या कलमात घालू, तेवढं सांगा,” असे म्हणून ते वही मिटतात.

काकांचे म्हणणे अवास्तव नसते. कीबोर्डचा सगळा आवाज हवेतून जात नाही. त्याचा हादरा टेबलाच्या फळीत उतरतो, फळीतून पायांत आणि पायांतून स्लॅबमध्ये. शिवाय कीबोर्डचा आवाज हा एक आवाज नसून पाच आवाजांची टोळी असते. दांडा खाली तळावर आदळतो तो पहिला. स्प्रिंगने वर फेकल्यावर तो छताला आदळतो तो दुसरा. स्प्रिंगचा स्वतःचा झणत्कार हा तिसरा. स्पेसबार, एंटर, शिफ्ट अशा रुंद बटणांखालची तार खुळखुळते तो चौथा. कीबोर्डच्या पोकळ पेटीत हे सगळे घुमते तो पाचवा. निळ्या स्विचची टिक हा सहावा, पण तो मानाचा पाहुणा असल्याने त्याची गणना वेगळी. यातले महत्त्वाचे तत्त्व असे, की मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. म्हणून एक आवाज मारला की शांतता होत नाही. त्याच्या मागे इतके दिवस दबून राहिलेला दुसरा आवाज पुढे येतो. धारकाचे पुढचे सर्व खर्च या एका तत्त्वातून उद्भवतात.

पहिला उपाय चटईचा. कीबोर्ड आणि टेबल यांच्यात मऊ थर आला की हादरा फळीत उतरत नाही. यासाठी मोठ्या आकाराच्या टेबलमॅट विकत मिळतात. त्या येईपर्यंत धारक घरात असलेल्या वस्तूंचा विचार करतो.

“माझी योगा मॅट एका बाजूने आखूड कशी झाली?”

“ताडासनाला लांबी लागते कुठे?”

“आणि शवासनाला?”

हा संवाद पुढे चालू राहत असला तरी विषयाला सोडून आहे. खालच्या मजल्यावरची तक्रार मात्र या उपायाने खरोखरच कमी होते. सर्व उपायांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक हाच असल्याने धारकाला यावर थांबणे कमीपणाचे वाटते.

दुसरा उपाय रबरी कड्यांचा. बटणाची टोपी उपटून तिच्या खालच्या दांड्यात छोटे रबरी कडे अडकवतात. टोपी खाली आपटण्याआधी कडे मध्ये येते आणि पहिला आवाज दबतो. दुसरा दबत नाही, कारण वर जाताना कडे वाटेत नसते. पूर्वी ‘खट-खट’ वाजणारे बटण आता ‘भस्‌-खट’ असे वाजते. कड्यामुळे बटणाची चाल थोडी आखडते आणि तळ मऊ लागतो. काही धारकांना हे आवडते, काहींना आपण भिजलेल्या बिस्किटावर टाइप करतो आहोत असे वाटते. १०४ टोप्या काढताना त्यांचा फोटो काढून ठेवावा, असे जाणकार सांगतात. फोटो न काढणारे धारक टोप्या पुन्हा बसवताना ‘इन्सर्ट’ आणि ‘स्क्रोल लॉक’ यांच्या जागांबद्दल घरच्यांना विचारतात. ही बटणे घरात कोणीही आयुष्यात कधी दाबलेली नसल्याने ती पुढे कुठेही बसवली तरी चालतात.

तिसरा उपाय म्हणजे या विषयाचा गाभा : फोम. यासाठी पेटी उघडावी लागते. दिसणारे सगळे स्क्रू काढूनही पेटी उघडत नाही, कारण एक स्क्रू स्टिकरखाली असतो. तोही काढल्यावर उघडत नाही, कारण कडेने प्लास्टिकचे आकडे असतात. ते ‘कट्‌’ असा आवाज करून सुटतात किंवा ‘कट्‌’ असा आवाज करून तुटतात. दोन्ही आवाज सारखेच असल्याने काय झाले ते पेटी परत बंद करतानाच कळते.

पेटीच्या तळाशी काही मिलिमीटरची पोकळी असते. तिच्यात बसवायला ईव्हीए, पोरॉन, निओप्रीन किंवा सिलिकॉन यांचे कापलेले थर मिळतात. ज्यांना ते मागवण्याचा धीर नसतो ते घर धुंडाळतात. टीव्हीच्या खोक्यातला फोम, कपाटाच्या कप्प्यातली जाळीदार रबरी मॅट, भांडी घासायचा स्पंज असे सर्व काही तपासले जाते. थर्माकोल वापरू नये. तो स्वतःच किरकिरतो. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांबरोबर येणारा काळा फोम तर मुळीच वापरू नये. त्याचे काही प्रकार वीजवाहक असतात, आणि सर्किटला टेकले की कीबोर्ड शांत होतो तो कायमचाच. फोमला स्क्रूच्या खांबांसाठी आणि वायरलेस कीबोर्ड असल्यास बॅटरीसाठी भोके कापावी लागतात. जाड फोम कोंबला तर सर्किटची पाटी मधोमध फुगते आणि पेटी मिटत नाही. अशा वेळी धारक घरातल्या सर्वांत वजनदार व्यक्तीला तिच्यावर हात टेकवायला बोलावतो.

फोमने पोकळीचा घुमारा कमी होतो, यात शंका नाही. पण तीन-चार मिलिमीटरचा थर मुख्यतः उंच पट्टीचे आवाज शोषतो. खर्जातल्या आवाजाला तो पुरत नाही. शिवाय निळ्या स्विचची टिक सर्किटच्या वर, स्विचच्या घरात जन्मते. तळाशी अंथरलेल्या फोमची आणि तिची कधी भेटच होत नाही. त्यामुळे अर्धा रविवार खर्चून झाल्यावर पुढील परीक्षा होते.

“आता ऐक.”

“काय ऐकू?”

“फरक.”

“मग आधीचा वाजवून दाखव.”

आधीचा आता अस्तित्वात नसतो. या अडचणीमुळे अनुभवी धारक प्रत्येक टप्प्याआधी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करतात. काही दिवसांनी फोनची मेमरी भरते आणि मुलीच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ काढून टाकायचे की ‘तळफोम-आधी’ आणि ‘तळफोम-नंतर’ हे काढायचे, असा कौटुंबिक प्रश्न उभा राहतो.

याच उपायाचे आणखी दोन पोटप्रकार आहेत. एकात सर्किटच्या पाठीवर रंगाऱ्याच्या मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवतात. याने आवाज फारसा कमी होत नाही, भारदस्त होतो. ‘क्लॅक’चा ‘थॉक’ झाला की धारकाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते पाहून घरच्यांनाही आपल्याला काहीतरी ऐकू आले असे वाटते. दुसऱ्या प्रकारात वस्तूंभोवती गुंडाळून येणारा पांढरा पातळ पीई फोम स्विच आणि सर्किट यांच्यामध्ये घालतात. त्यासाठी सगळे स्विच उपटून पुन्हा खोवावे लागतात. खोवताना एखाद्या स्विचचा तांब्याचा पाय वाकतो आणि नेमके ते बटण मुके होते. हे बटण बहुधा ‘ए’ असते. धारकाच्या पुढच्या दोन दिवसांच्या मेलमध्ये साहेबांचे आडनाव त्यामुळे वेगळेच उमटते.

पेटी शांत झाल्यावर चौथा आवाज वारस म्हणून गादीवर येतो : स्पेसबारचा खुळखुळाट. रुंद बटण एका टोकाला दाबले तरी सरळ खाली जावे म्हणून त्याखाली वाकवलेली तार असते. तिला स्टॅबिलायझर म्हणतात. ती आपल्या खोबणीत सैल असते. उपाय असा की तारेला घट्ट ग्रीस लावावे आणि ती जिथे सर्किटवर आपटते तिथे जखमेवर लावायच्या कापडी पट्टीचा तुकडा चिकटवावा. हा उपाय जगभर रूढ आहे आणि खरोखर चालतो. त्याचा दुष्परिणाम मुलगा गुडघा फोडून घरी येतो तेव्हा कळतो.

“प्रथमोपचाराच्या डब्यातल्या पट्ट्या कुठे गेल्या?”

“स्पेसबारला लावल्या.”

“त्याला काय लागलं होतं?”

पाचवा उपाय वंगणाचा. यात प्रत्येक स्विच उघडून त्याच्या आतल्या घासणाऱ्या कडांना बारीक कुंचल्याने विशिष्ट ग्रीस लावायचे असते. एका स्विचचे झाकण, दांडा, स्प्रिंग आणि तळ असे चार भाग सुटे होतात. ८७ स्विचचे ३४८. एका स्विचला अडीच मिनिटे धरली तरी साडेतीन तासांहून अधिक वेळ जातो. या काळात पंखा बंद ठेवावा लागतो, कारण ग्रीस लावलेल्या दांड्यांवर धूळ बसलेली चालत नाही. सुटलेली स्प्रिंग सोफ्याखाली जाते. तिला शोधताना हरवलेले रिमोट, एक कंगवा आणि कधीचा एक बेदाणा सापडतो. स्प्रिंग सापडत नाही. वेळ जेवणाच्या हाकांवरून मोजला जातो. “जेवायला ये रे,” अशी पहिली हाक येते तेव्हा ‘क्यू’ ते ‘पी’ झालेले असते. तिसऱ्या हाकेला, “फक्त कंट्रोल राहिलंय,” असे उत्तर जाते. “ते आधीच करायला हवं होतं,” असे आई आतून म्हणते.

ग्रीस महाग असल्याने शिलाई मशीनचे तेल किंवा खोबरेल वापरण्याचा मोह होतो. तेल पातळ असते, ओघळते आणि धातूच्या टोकांपर्यंत पोहोचते. खोबरेल तर सुमारे २४ अंश सेल्सियसखाली थिजते, त्यामुळे पुण्यात डिसेंबरमध्ये पहाटे कीबोर्ड सुरूच होत नाही आणि दुपारी उन्हात ठेवल्यावर चालू लागतो. निळ्या स्विचच्या टिक करणाऱ्या तुकड्याला वंगण लागले तर टिक मंदावते किंवा जाते. या टप्प्यावर धारक प्रथमच हवालदिल होतो. ज्या आवाजासाठी कीबोर्ड घेतला तोच गेला, असे तो म्हणतो. घरातले एकमेकांकडे पाहतात.

सहावा उपाय मूक स्विचचा. यांच्या दांड्याला वर आणि खाली रबराचे बारीक तुकडे बसवलेले असतात, म्हणून तो दोन्हीकडे हळूच टेकतो. कीबोर्डात स्विच नुसते खोवलेले असले तर ते बदलणे सोपे. डाग दिलेले असले तर एकेका स्विचचे दोन पाय सोल्डर शोषून सोडवावे लागतात. १०४ स्विचचे असे २०८ पाय होतात, आणि शेवटी कीबोर्डपेक्षा सोल्डरिंगचे सामान महाग पडते. मूक स्विच, फोम, टेप, ग्रीस आणि चटई असे सर्व एकत्र आल्यावर मिळणारा आवाज संगणकाबरोबर फुकट आलेल्या रबरी कीबोर्डच्या आवाजाच्या जवळपास जातो. तो फुकटचा कीबोर्ड बहुधा माळ्यावर असतो. धारक त्याची तुलना करून पाहत नाही.

यशाचे मोजमाप मोबाइलवरच्या डेसिबलमापकाने करतात. यात गणित धारकाच्या बाजूने नसते. आवाजाची निम्मी ऊर्जा शोषून घेतली तरी मापक फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. त्यातही कीबोर्ड खरोखर शांत झाला असेल तर मापक दाखवतो तो पंख्याचा आवाज. पंखा बंद केला तर फ्रिजचा. फ्रिज बंद केला तर, “फ्रिज कोणी बंद केला?” याचा. तो आजवरच्या सर्व नोंदींत उच्चांक ठरतो.

आवाज झाकण्याचे तत्त्व इथेही आपले काम चालू ठेवते. कीबोर्ड गप्प झाल्यावर माउसची टिचकी ऐकू येऊ लागते, मग खुर्चीचे करकरणे, मग धारकाचे टाइप करताना पुटपुटणे. बैठकीत साहेब विचारतात, “आज काही टिपून घेताना दिसत नाही तुम्ही?” काही धारकांना ही शांतता सोसत नाही. बटणासरशी यांत्रिक कीबोर्डचा ध्वनिमुद्रित आवाज हेडफोनमध्ये ऐकवणारी सॉफ्टवेअरे मिळतात. मूक स्विच बसवलेले धारक ती वापरतात. त्यात स्विचचा प्रकारही निवडता येतो. बहुतेक जण निळा निवडतात.

शेवटचा उपाय बोटांचा आहे. चेरीच्या लाल स्विचची पूर्ण चाल ४ मिलिमीटर असते, पण संगणकाला निरोप २ मिलिमीटरवरच पोहोचतो. उरलेले २ मिलिमीटर बोट केवळ जोरात असते म्हणून जाते, आणि आपटण्याचा आवाज त्यांच्या तळाशी होतो. बटण अर्ध्यातूनच सोडून दिले तर फोम, टेप आणि ग्रीस यांशिवाय बराचसा आवाज थांबतो. निळ्या स्विचला एवढे पुरत नाही, कारण त्याची टिक वाटेतच, निरोपाबरोबर वाजते. त्यासाठी रात्री १० नंतर न लिहिणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे. हे दोन्ही उपाय कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, त्यांचे पार्सल येत नाही आणि ते करताना पेटी उघडावी लागत नाही. त्यामुळे धारकांमध्ये ते अद्याप लोकप्रिय झालेले नाहीत. खालच्या मजल्यावर मात्र त्यांना चांगला पाठिंबा आहे.